सुपरब्लास्ट २ टेम्पो रनसाठी घ्यावा का? वीस हजाराचा शूज साताऱ्याच्या रस्त्यावर कसा पारखायचा

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सदर बझारला राहता, आठवड्यातून चार दिवस पळता, १० किलोमीटर ५७ मिनिटांत होतंय, हाफ मॅरेथॉन २ तास ८ मिनिटांत झाली आणि ती आता दोन तासांच्या आत आणायचीय. रोजच्या पळण्याला साधा जाड कुशनचा शूज आहे, टेम्पो (दम लागेल अशा एकसारख्या वेगाचा रन) आणि इंटरव्हल (मध्ये दम घेत मारलेले छोटे वेगवान तुकडे) यांसाठी वेगळा जोड घ्यायचा म्हणून पुण्यात ॲसिक्सचा सुपरब्लास्ट २ घालून बघितला, पाय नुसता उडाला असं तुम्ही लिहिलंय, पण किंमत वीस हजाराच्या घरात बघून तशाच परत आलात. आणि जोडीला दुसरा प्रश्न, की तोच शूज सातारा हिल मॅरेथॉनला, म्हणजे यवतेश्वर घाट चढून-उतरून होणाऱ्या आपल्या हाफ मॅरेथॉनला, चालेल का.

मी साताऱ्यात बरीच वर्षं रनर्सना ट्रेनिंग देतोय, आमच्या ग्रुपमध्ये असले महागडे शूज घालणारे भरपूर आहेत, त्यामुळे उत्तर सरळच देतो. टेम्पो आणि वेगाचा लाँग रन अशा दोन्हीला वापरणार असाल तर सुपरब्लास्ट चांगला आहे, घ्या. फक्त ४०० आणि ८०० मीटरच्या इंटरव्हलसाठी हवा असेल तर एवढे पैसे घालू नका. आणि हिल मॅरेथॉनला घालायचा की नाही हे यवतेश्वर घाटाच्या उतारावर ठरवायचं, दुकानात ठरत नाही. आता असं का ते सांगतो, जरा लांबेल पण पैसे तुमचे जाणारेत त्यामुळे नीट वाचा.

दुकानात जो पाय उडाला तो ताजा पाय होता. गुळगुळीत फरशी, वीस-तीस पावलं, अंगात दम भरपूर, अशा वेळी कुठलाही मऊ फोम छानच वाटतो. टेम्पो रनचा शूज त्यासाठी नसतो. तुम्ही ५:४० च्या पेसने, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४० सेकंद या वेगाने, अर्धा तास पळून झाल्यावर काय होतं बघा, पोटरी जड होते, कंबर थोडी खाली बसते, पाय जमिनीवर जास्त वेळ टेकून राहतो आणि घोटा हळूहळू आतल्या बाजूला झुकायला लागतो. त्या वेळी शूज तुम्हाला सरळ धरतो की अजून आत ढकलतो, चवड्यावरून पुढे सोडतो की पाय फोममध्ये रुतून बसतो, हे कळलं की शूज कळला. मी कुणाचाही नवीन जोड बघताना पहिली दोन किलोमीटर बघतच नाही, रनचा शेवटचा तिसरा हिस्सा बघतो, तेही मागून.

सुपरब्लास्टमध्ये नेमकं आहे काय ते बघू. टाचेखाली ४५ मिलिमीटरच्या आसपास आणि चवड्याखाली ३७ च्या आसपास जाडी, म्हणजे ड्रॉप, टाच आणि चवड्यातल्या जाडीचा फरक, ८ चा. वरचा थर ॲसिक्सच्या रेसिंग शूजमधल्या फोमच्या जातीचा, खालचा थर त्यापेक्षा जरा दणकट, आणि आत प्लेट, म्हणजे रेसिंग शूजच्या सोलमध्ये असते ती कडक पट्टी, नाही. एवढी जाडी असून पुरुषांच्या ९ नंबरात वजन साधारण २५० ग्रॅम भरतं, आणि याचं कौतुक करायलाच पाहिजे कारण सात-आठ वर्षांपूर्वी एवढ्या जाडीचा शूज म्हणजे पायात वीट बांधल्यासारखं व्हायचं. तळवा रुंद ठेवलाय त्यामुळे जाडीच्या मानाने हा शूज बऱ्यापैकी स्थिर आहे. एक नियम माहीत असू द्या, वर्ल्ड ॲथलेटिक्सने २०२० पासून रोडवरच्या स्पर्धेतल्या शूजला ४० मिलिमीटर जाडीची मर्यादा घातलीय, सुपरब्लास्ट त्यात बसत नाही, म्हणून एलिट रनर तो मोठ्या स्पर्धेत घालू शकत नाहीत, ट्रेनिंगला घालतात. तुमच्या-माझ्यासारख्यांना त्याने फरक पडत नाही, पण वयोगटातल्या बक्षिसासाठी पळत असाल तर त्या स्पर्धेचे नियम एकदा वाचून घ्या.

आता वेगाचा हिशोब, कारण दुकानदार नेमकं इथंच गडबड करतात. या उसळणाऱ्या शूजचं सगळं सुरू झालं २०१७ ला नाइकीच्या व्हेपरफ्लाय ४% या रेसिंग शूजपासून. कोलोराडो विद्यापीठाच्या लॅबमध्ये १८ चांगल्या रनर्सना त्याचा आधीचा नमुना घालून पळवलं तेव्हा ऊर्जा सरासरी ४ टक्के कमी लागली, आणि तो फोम दाबल्यावर ८७ टक्के ऊर्जा परत देतो असं मोजलं गेलं, त्या वेळचा ॲडिडासचा चांगला रेसिंग शूज ७६ टक्क्यांच्या आसपास होता. पण ते रनर पळत होते ताशी १४ ते १८ किलोमीटरने. तुमचा टेम्पो ताशी साडेदहाच्या आसपास आहे. नंतर कमी वेगावर अभ्यास झाला तेव्हा तसल्याच शूजचा फायदा ताशी १२ ला दीड टक्क्याच्या आतबाहेर आणि ताशी १० ला एक टक्क्याच्याही आत आला, शिवाय माणसागणिक फरक बराच, काहींना तर उलट जास्त ऊर्जा लागली. म्हणजे तुमच्या वेगाला एक टक्का मिळेल असं धरून चला, तेही रेसिंग शूजमध्ये, सुपरब्लास्ट तर ट्रेनिंगचा शूज आहे.

एक टक्का म्हणजे किती? ५:४० म्हणजे ३४० सेकंद, त्याचा एक टक्का झाला साडेतीन सेकंद, आणि ऊर्जा एक टक्का वाचली म्हणून वेग पूर्ण एक टक्का वाढतोच असंही नाही. अगदी पूर्ण धरला तरी २ तास ८ मिनिटांतून सव्वा मिनिट गेलं. तुम्हाला कमी करायचीत आठ मिनिटं. बाकीची पावणेसात मिनिटं टेम्पो, लाँग रन आणि झोप यांतूनच येणार आहेत. आपल्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या हीटमध्ये ९:१९.७६ पळाली, राष्ट्रीय विक्रम केला आणि फायनलला दहावी आली, ते हे सुपरफोमचे शूज बाजारात यायच्या आधी. ते बळ ट्रेनिंगचं होतं. शूज कमी महत्त्वाचा असं मला म्हणायचं नाही, त्याच्याकडून काय मागायचं ते नीट ठरवा एवढंच.

मग मागायचं काय? दुसऱ्या दिवशीचे पाय मागायचे. चांगल्या फोमचा खरा फायदा आपल्यासारख्या वेगाच्या लोकांना घड्याळात कमी आणि पोटरी-मांडीत जास्त दिसतो. मंगळवारी ८ किलोमीटर टेम्पो झाला आणि बुधवारी जिना उतरताना मांड्या ओरडल्या नाहीत, गुरुवारचा रन बुडाला नाही, तर महिन्याभरात तुमचं एकूण पळणं वाढतं आणि वेग त्यातून येतो. सुपरब्लास्टसारखा जाड, प्लेट नसलेला शूज इथं उजवा ठरतो. म्हणूनच मी म्हटलं की लाँग रनलाही वापरणार असाल तर घ्या, १६ किलोमीटरचा लाँग रन आणि त्यातले शेवटचे ५ किलोमीटर ५:४० ने, हे दोन तासांच्या आतल्या हाफसाठी सगळ्यात कामाचं वर्कआउट आहे आणि ह्याच रनला हा शूज पैसे वसूल करून देतो.

इंटरव्हलला मात्र मला तो फार आवडत नाही. ४०० मीटरचा तुकडा किलोमीटरला ५:१० च्या पेसने पळताना पाय पटकन उचलला जायला पाहिजे, वळणावर जमीन कळायला पाहिजे, आणि ४५ मिलिमीटरच्या थरावर ते कळत नाही. शाहू स्टेडियमच्या ग्राउंडवर गोल फिरताना तर अजूनच. इंटरव्हलला तुमचा सध्याचा रोजचा शूज किंवा पंचवीस-तीस मिलिमीटरचा कुठलाही हलका शूज पुरे, एकूण अंतर २-३ किलोमीटरचंच असतं. वजनाची भीती बाळगू नका, पायामागे १०० ग्रॅम वाढले तर साधारण १ टक्का ऊर्जा जास्त लागते, रोजचा शूज तीस-चाळीस ग्रॅम जड असला म्हणून काही बिघडत नाही.

कार्बन प्लेटवाला घेऊ का असं तुम्ही शेवटी विचारलंय. ट्रेनिंगसाठी नको, असं माझं स्पष्ट मत. प्लेट चवड्याचा सांधा कमी वाकू देते, त्यामुळे काम तिथून सरकून पायाच्या मधल्या हाडांवर आणि घोट्याभोवती जातं. २०२३ ला स्पोर्ट्स मेडिसिनच्या एका जर्नलमध्ये कार्बन प्लेटचे शूज वापरणाऱ्या पाच खेळाडूंच्या केसेस आल्या होत्या, पाचही जणांना नॅव्हिक्युलर नावाच्या हाडाला स्ट्रेस इंजुरी, ते हाड पावलाच्या कमानीच्या वरच्या टोकाला असतं आणि भरून यायला फार वेळ घेतं. पाच केसेसवरून शूज दोषी ठरत नाही, लाखो लोक तसले शूज घालून पळतायत. पण आठवड्याला ३५-४० किलोमीटर पळणाऱ्या आणि दोन तासांचं टार्गेट असलेल्या माणसाने ती जोखीम रोजच्या ट्रेनिंगमध्ये कशाला घ्यायची? रेसच्या दिवशी आणि त्याआधी दोन-तीन वर्कआउटला ठीक आहे.

आता स्थिरतेचं सांगतो, कारण माझ्या मते साताऱ्यात शूज घेताना हा मुद्दा किमतीच्याही आधी यायला पाहिजे. पुण्या-मुंबईचे रिव्ह्यू बहुतेक सपाट रस्त्यावरचे असतात. आपल्याकडे समर्थ मंदिराच्या वर गेलं की चढ सुरू, अजिंक्यताऱ्याला गेलं तरी चढ, बोगद्यातून सज्जनगडाच्या रस्त्याला लागलं तरी तेच. आमच्या ग्रुपमधल्या एकाने असाच एक मऊ आणि उंच शूज, सुपरब्लास्ट नव्हे दुसरा, महिनाभर घाटात वापरला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणून मला दाखवायला आणला. मी जोड टेबलावर ठेवला आणि मागून डोळ्याच्या पातळीला आणून बघितला. उजव्या शूजच्या टाचेचा वरचा कप आत कललेला, सरळ उभ्या रेषेच्या बोटभर आत. आतल्या बाजूच्या फोमला आडव्या बारीक सुरकुत्या, चार-पाच, एकमेकीला चिकटून, आणि बाहेरच्या बाजूला एकही नाही. सोलचं रबर मात्र नवंकोरं. म्हणजे रबर बघून शूज चांगला वाटत होता आणि फोम एका बाजूने बसून गेला होता. डावा शूज बराच सरळ. उतारावर तो रस्त्याच्या कडेने पळायचा, तिथं रस्ता गटाराकडे उतरता असतो, त्यामुळे उजव्या पायावर रोज तोच तिरका भार. त्याला मधल्या सपाट भागातून पळायला लावलं, शूज बदलला, दुखणं गेलं. हे बघायला मशीन लागत नाही, टेबल आणि डोळे पुरेत. तुम्ही नवीन जोड घ्याल तेव्हा पहिल्या दिवशीच मागून एक फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला त्याच टेबलावर तसाच काढा.

पारखायचा कसा ते आता. घेतल्यावर लगेच टेम्पोला घालू नका. पहिला रन सोपा, ६ किलोमीटर, पायाला फक्त ओळख होऊ द्या, कुठं टोचतंय का, टाच वर निघतेय का, बोटं सुन्न होतायत का एवढंच बघायचं. दुसऱ्या रनला शेवटी शंभर-शंभर मीटरच्या पाच-सहा स्ट्राइड, म्हणजे वेग वाढवत नेलेल्या छोट्या धावा, वेग वाढल्यावर शूज पुढे सोडतो का ते कळतं. तिसऱ्यांदा टेम्पो. त्यासाठी संगम माहुलीच्या पुढे कोरेगाव रस्त्याला सकाळी लवकर जा, गावातून माहुलीला जाताना उतार आहे तो वॉर्म-अपला घ्या आणि पूल ओलांडून पुढे जो बरा सपाट तुकडा मिळतो तिथं पंधरा मिनिटांचे दोन टेम्पो करा, मध्ये तीन मिनिटं हळू. दुसऱ्या टेम्पोच्या शेवटच्या पाच मिनिटांत तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पाय टेकल्याचा आवाज पहिल्या टेम्पोपेक्षा मोठा झाला का, दोन्ही पायांचा आवाज सारखा आहे का, आणि तळपायाची कमान किंवा बाहेरची कड तापल्यासारखी वाटते का. आवाज फार खरं बोलतो. सुरुवातीला टप टप आणि शेवटी थाड थाड व्हायला लागलं तर तो शूज तुमच्या थकलेल्या पायाला झेपत नाहीये.

घड्याळावर मात्र इथं विसंबू नका. नव्या शूजमध्ये किलोमीटरमागे पाच सेकंद कमी आले म्हणून लगेच खूश होऊ नका आणि जास्त आले म्हणून नाराजही नको. आपण वर काढलेला पूर्ण फायदाच साडेतीन सेकंदांचा आहे, झोप, ऊन, कालचं जेवण, जीपीएसची चूक यांतला प्रत्येक फरक त्याहून मोठा असतो. तुलना करायचीच असेल तर तोच रस्ता, तीच वेळ, हृदयाचे ठोके तेवढेच ठेवून एक आठवडा जुना शूज एक आठवडा नवा असं निदान दीड-दोन महिने करा, मग काहीतरी दिसेल. त्यापेक्षा डायरीत दुसऱ्या दिवशी सकाळी पोटरी आणि मांडी कशी आहे ते एका शब्दात लिहा, मला तो आकडा जास्त पटतो.

चौथा रन घाटात. यवतेश्वरला वर चालत-पळत कसंही जा, उतरताना ३ किलोमीटर जरा वेगात या. चढावर अशा शूजचा फायदा सपाटीपेक्षा कमी होतो हे पण मोजलं गेलंय, व्हेपरफ्लायवरच ३ अंशांच्या चढाला आणि उताराला बचत तीन टक्क्यांच्या आत आली, सपाटीला पावणेचारच्या आसपास होती. चढताना आपण फोमवर जोरात आदळतच नाही तर तो उसळी कुठून देणार, सगळं काम पोटरी आणि कंबरेचं. उतरताना उलटं, आदळणं भरपूर, जाड कुशन मांड्यांना वाचवतं हे खरं, पण त्याच जाडीमुळे पाऊल जरा तिरकं पडलं की घोट्यावर येणारा पीळ वाढतो. वळणावर आतल्या बाजूने न घेता मुद्दाम मधून या, दोन-तीन वेळा खड्डा चुकवल्यासारखं पटकन बाजूला व्हा. शूज लगेच तुमच्याबरोबर वळला तर चांगलं. पाऊल वळलं आणि शूज मागून वळला असं वाटलं तर तो हिल मॅरेथॉनला नको.

हे बाजूला होण्याचं मुद्दाम सांगतोय. आपल्या हिल मॅरेथॉनची एकाच डोंगरावर सर्वात जास्त लोक पळाल्याची गिनीज नोंद २०१५ ला झाली, २६१८ लोक, यावरून गर्दीचा अंदाज घ्या. जाऊन-येऊन एकच रस्ता, पुढचे उतरत असतात तेव्हा मागचे अजून चढत असतात, पाण्याच्या स्टॉलपाशी ग्लास पडलेले, कुणी मध्येच चालायला लागतं. सरळ रेषेत शेवटपर्यंत कुणालाच पळता येत नाही. त्यात दिवस पावसाळ्याच्या शेवटाचे, धुकं, भुरभुर, साईडपट्टीला शेवाळ धरलेलं. म्हणून ओल्या रस्त्यावर एकदा तरी पळून बघा, आणि रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर मुद्दाम दोन पावलं टाका, ग्रिप तिथं कळते. प्युमाचं रबर ओल्या रस्त्याला फार चांगलं धरतं, ॲडिडासचं कॉन्टिनेंटल रबरही भरवशाचं आहे, हा माझा आणि ग्रुपचा सगळ्यांचा अनुभव. आणि ताई, दोन तासांच्या आतलं टार्गेट हिल मॅरेथॉनला ठेवू नका, ते एखाद्या सपाट हाफला ठेवा. घाटाला आपण घाटाचा वेळ धरायचा.

दुसरे पर्याय विचारलेत. सॉकनीचा एंडॉर्फिन स्पीड, त्यात नायलॉनची प्लेट आहे, कार्बनपेक्षा बरीच वाकते, जाडी ३६ आणि २८, फोम चांगल्या जातीचा. टेम्पो आणि इंटरव्हल दोन्ही एका शूजमध्ये करायचे असतील तर सुपरब्लास्टपेक्षा मी हा सुचवेन, तोही ५:४० ला जिवंत वाटतो. ॲडिडासचा बॉस्टन दोन थरांचा आहे, वर रेसिंगचा फोम खाली कडक, मध्ये काचतंतूच्या दांड्या, तो टिकतो खूप पण सुरुवातीचे पन्नास-साठ किलोमीटर लाकडासारखा लागतो आणि हळू पेसला मजा येत नाही. न्यू बॅलन्सचा रिबेल हलका, प्लेट नाही, किंमतही कमी, पण मऊ आहे, घोटा आत झुकणाऱ्यांनी जपून. तुमच्या जुन्या शूजचा फोटो तुम्ही पाठवलाय त्यात बाहेरची टाच झिजलीय आणि आतला फोम सरळ आहे, म्हणजे तुमचा पाय बराच सरळ पडतो, त्यामुळे यातला कुठलाही तुम्हाला चालेल.

टिकण्याचा विषय राहिला. हे उसळणारे फोम हलके असतात पण लवकर थकतात. जुन्या पद्धतीचा ईव्हीए फोम आणि नवा पेबा फोम अशी तुलना झालीय, नवे असताना पेबा पुढे, पण ४५० किलोमीटर पळवल्यावर दोघांत ऊर्जेचा फरक उरला नाही. म्हणजे शूज फाटत नाही, फक्त ज्याचे पैसे दिले ती गोष्ट संपते. समजा शूज २० हजाराचा आणि चांगला ५०० किलोमीटर चालला तर किलोमीटरला ४० रुपये झाले, रोजचा ८ हजाराचा शूज ७०० चालला तर साडेअकरा रुपये. म्हणून त्यात बाजारात भाजी आणायला जायचं नाही, वॉर्म-अपलाही शक्यतो जुना घाला. आठवड्याला एक टेम्पो आणि एक लाँग रन मिळून पंचवीसेक किलोमीटर धरले तर पाच महिने छान जातात, हिल मॅरेथॉन आणि हिवाळ्यातली सपाट हाफ दोन्ही एका जोडात बसतात. दोन जोड आलटून पालटून वापरण्याचा अजून एक फायदा, लक्झेंबर्गमध्ये २६४ रनर्सवर २२ आठवडे अभ्यास झाला त्यात एकापेक्षा जास्त शूज वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या. रोज तोच भार त्याच जागेवर पडत नाही, हे कारण मला पटतं.

मापाचं मात्र फार काळजीपूर्वक करा. सुपरब्लास्ट युनिसेक्स मापात येतो, लेडीज वेगळा नाही. अमेरिकन मापात पुरुषांचा ७ म्हणजे बायकांचा साडेआठ, त्यामुळे ऑनलाइन मागवताना नंबर बघून नाही तर सेंटिमीटर बघून मागवा. संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो तेव्हा माप घ्या, पळायचे मोजे घालून, पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे, उतारावर बोटं पुढे आपटतात. बायकांची टाच बहुतेक अरुंद असते आणि युनिसेक्स साच्यात ती सैल बसते, तेव्हा सगळ्यात वरचं जे जादा भोक असतं त्यातून लेसचा छोटा फास करून दुसऱ्या बाजूची लेस त्यातून ओढा, टाच धरली जाते. तरीही टाच निघत असेल तर दुकानातच ठेवा, लेस आवळून आवळून पावलाच्या वरची नस दुखवून घेऊ नका.

आणि पावसात भिजला तर उन्हात किंवा गॅसजवळ वाळवू नका, आतलं इनसोल काढून रद्दी पेपरचे बोळे भरा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. गाडीच्या डिकीत एप्रिल-मेमध्ये ठेवून देणारे बरेच आहेत, तिथल्या तापमानाने सोलचा चिकटवलेला भाग सुटतो. घेतलात तर पहिले तीन आठवडे त्यात आठवड्यातून एकच रन करा, जाड मऊ शूजमध्ये पोटरी आणि टाचेमागची शीर वेगळ्या पद्धतीने काम करते, तिला वेळ द्या. रविवारी सकाळी सहाला आम्ही शाहू स्टेडियमला असतो, टेम्पो झाल्यावर या, थकलेल्या पायाने दोन राउंड मारा, मी मागून बघतो आणि व्हिडिओ काढून देतो.